देवाच्या वहाणा, माझं डोकं

डोक्यावर देवाच्या वहाणा घेऊन मी देवळासमोर दीपमाळेच्या खाली उभा होतो. वैशाखाचं ऊन. वहाणा कोऱ्या, माझ्या बापाने शिवलेल्या, एकेक वहाण कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. देवाचा पाय माणसाच्या पायाएवढा कसा असेल? चामड्याला पाजलेलं तेल उन्हाने पाझरून माझ्या कपाळावर उतरत होतं. ते डोळ्यांत जाऊ नये म्हणून मी मान जरा वर केली की गर्दीतून कुणीतरी खेकसायचं, मान खाली घाल.

सगळा गाव सावलीत होता. सभामंडपात मानकरी, ओट्यावर बाकीचे पुरुष, आंब्याखाली बायका. उन्हात आम्ही तिघेच. मी, आणि माझ्या मागे हात जोडून माझे आईबाप. देवळाच्या पायरीवर नारळ ठेवून एक माणूस माझ्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालत होता.

"बा देवा म्हाराजा, गावच्या राखणदारा म्हाराजा, ह्या लेकरान अज्ञानपणी तुझ्या पायताणात पाय घातल्यान म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला.

"तुझी सेवा सोडून ह्यो घाटार शिकाक गेलो. थंय परक्या पोरांनी तुटकी पायताणां ह्येच्या दारात मांडल्यानी, नि ह्यो ती गपचूप शिवीत बसलो. थंयच ह्येची मती फिरली म्हाराजा."

"होय म्हाराजा."

ओट्यावर कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं. चांभाराच्या पोराने वहाणा शिवल्या, यात मती फिरण्यासारखं काय आहे, असं ते हसणं. ती वहाणांची गोष्ट मी जगात एकाच माणसाला सांगितली होती. आईला नाही, बापाला नाही. त्या एकाला. आणि तोच आता पायरीवर उभा राहून ती अख्ख्या गावाला ऐकवत होता. मुंबईच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारा प्रोफेसर. तरुण मुलांच्या मनाचा अभ्यास करणारा.

सुरुवातीपासून सांगतो.

आमचं घर चांभाराचं. गाव मालवणच्या बाजूचा. नाव लिहीत नाही, कारण माझी आई अजून तिथेच राहते. आमचा देव रोज गावची शीव फिरतो, असं सगळे मानतात. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात. म्हणून ज्याचा नवस फळला तो देवाला नव्या वहाणा देतो. त्या शिवायचा मान आमच्या घराचा. मान म्हणजे काय, तर बापाने त्या दिवशी उपास धरायचा, आंघोळ करून ओल्या पंच्याने शिवायला बसायचं, आणि तयार वहाणा नेऊन पायरीच्या खाली जमिनीवर ठेवायच्या. तिथून वर मानकरी नेणार. नेण्याआधी त्यांच्यावर पाणी शिंपडून त्या शुद्ध करून घेणार. चामडं कापताना, टाचताना, दातांनी दोरा ओढताना त्या आमच्याच घरात होत्या, पण शेवटची पायरी आली की आमचा हात त्यांना विटाळ. शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता. आमच्या देवळापर्यंत तो चालत आला नव्हता.

बापाला याचं काही वाटत नसे. कुडाळच्या बाजारातून देवासाठी सगळ्यात चांगलं चामडं आणायचा. घरात आम्ही सगळे अनवाणी.

लहान असताना एकदा मी देवाच्या वहाणांत पाय घातले. बाप आंघोळीला गेला होता, वहाणा ओटीवर वाळत होत्या. माझे दोन्ही पाय एकाच वहाणेत मावले. तशीच फरफटत मी ओटीवर फेरी मारली आणि मला खूप हसू आलं. आईने पाहिलं. कानशिलात अशी बसली की हसू तिथल्या तिथे गेलं. "कोणाक सांगलंस तर बघ," एवढंच म्हणाली. तिने बापालाही सांगितलं नाही. वहाणा देवाला गेल्या. मी विसरलो. ती विसरली नाही.

मॅट्रिक झालो. आमच्या वाडीतला पहिला. बापाने सगळ्या वाडीला गूळ वाटला. मग घाटावरच्या कॉलेजात गेलो, वसतिगृहात राहिलो. ट्रंकेत बापाने एक आरी आणि थोडा दोरा ठेवला होता, अडीअडचणीला असावा म्हणून. तीच माझ्या मुळावर आली.

समोरच्या खोलीतल्या मुलाच्या वहाणेचा अंगठा तुटला. तो सकाळच्या तासाला निघाला होता, अडला. मी म्हणालो, दे इकडे. लगेच शिवून दिला. तो म्हणाला, वा, काय हात आहे. मला इतका आनंद झाला की दिवसभर मी तेच आठवत होतो. महिना झाला तरी माझ्याशी तिथे कुणी धड बोललं नव्हतं. मेसमध्ये मी बसलो की बाकावर जागा व्हायची. आता वाटलं, झाली ओळख, आता जमेल.

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराबाहेर आणखी एक जोड होता. मग आणखी. मग रांगच. कुणी दार वाजवायचं नाही, कुणी विचारायचं नाही. सकाळी दार उघडलं की रांग, संध्याकाळी रांग गेलेली. मी शिवायचो. सगळ्या शिवायचो. वाटायचं, हळूहळू बोलायला लागतील. माझ्यासारखा गाढव मीच. एकदा परीक्षेचा अभ्यास होता म्हणून हात लावला नाही. संध्याकाळी चार-पाच मुलं दारात आली. समोरच्या खोलीतला तोही होता. तोच म्हणाला, "काय रे, आज दुकान बंद?"

सगळे हसले. मीही हसलो. ते मला अजून आठवतं, की मीही हसलो.

त्यानंतर मला काय झालं ते मला तेव्हा सांगता येत नव्हतं, आजही नीट येत नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, वाचता यायची नाहीत. घास तोंडात नुसता फिरायचा. झोप गेली. आंघोळ नको वाटायची. कुणी जिन्यावरून येताना ऐकू आलं की छाती धडधडायची, आणि तो दारापुढून निघून गेला की रडू यायचं. परीक्षेत कोरा कागद देऊन उठलो. एसटीने घाट उतरलो, घरी आलो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

आई उशाशी बसायची. "काय होता रे तुका? खंय दुखता?" विचारायची. मी म्हणायचो, खंयच दुखणा नाय. ते खरंच होतं. दुखत असतं तर बरं झालं असतं, बोट ठेवून दाखवलं असतं. तिच्या मीठ-मिरच्या उतरवून झाल्या, अंगारे झाले, कुणकेश्वराला नवस बोलून झाला. बाप कामावरून उठून यायचा, माझ्या पायथ्याशी जरा वेळ उभा राहायचा आणि परत जाऊन चामडं ठोकत बसायचा. मी मेलेलं बरं, असं माझ्या मनात रोज यायचं. मोठ्याने म्हणालो मात्र नाही.

मे महिन्यात प्रोफेसर गावी आले. गावकरांचा धाकटा भाऊ. गावकर म्हणजे आमच्या गावचा मुख्य मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा हक्क त्याच्या घराचा. प्रोफेसर दरवर्षी आंब्याला यायचे. त्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बाईकडून त्यांना कळलं की चांभाराचा शिकलेला पोरगा असा पडून आहे. आणि ते चालत आमच्या घरी आले. त्या घराचा माणूस आमच्या वाडीत कधी आला नव्हता. ओटीवर बसले. पाणी मागितलं. आईने तांब्या पुढे केला. ते घटाघटा प्याले. ते पाणी आई अजून विसरलेली नाही. मीही विसरलो नव्हतो, म्हणून तर पुढचं सगळं झालं.

ते रोज संध्याकाळी यायचे. मला उठवून समुद्राकडे फिरायला न्यायचे. सुरूच्या बनात बसायचो. गड्यांशी ते मालवणीत बोलायचे, माझ्याशी शुद्ध मराठीत. मला ते आवडायचं, वाटायचं की ते मला बरोबरीचा मानतात. त्यांनी विचारलं, झोप लागते का? भूक लागते का? मग एके दिवशी अगदी साध्या आवाजात विचारलं, "जगावंसं वाटतं का?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, नाही. ते दचकले नाहीत. ओरडले नाहीत. मग मी सगळं सांगितलं. आरी, दोरा, दाराबाहेरची रांग, दुकान बंद. मी हसलो तेही सांगितलं. सांगता सांगता मला हुंदका फुटला आणि मी लहान पोरासारखा रडलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "हा आजार आहे. पाप नव्हे, वेडही नव्हे. तुझ्या वयाच्या किती मुलांना हे होतं, कुणी बोलत नाही म्हणून कळत नाही. तू मला सांगितलंस ते माझ्याजवळच राहील."

खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मी त्या माणसाला बापाच्या जागी मानलं. माझा स्वतःचा बाप घरात चामडं ठोकत असताना.

इकडे आईने वेगळाच शोध लावला होता. तिला ओटीवरची ती फेरी आठवली. देवाच्या वहाणेत पाय घातला, त्याचं हे फळ. इतकी वर्षं लपवलं म्हणून देवाने पोराचं डोकं फिरवलं. ती एकटी जाऊन गुरवाला सांगून आली. गुरवाने देवाला कौल लावला. डावा पडला. म्हणजे देव रागावलेला. मानकऱ्यांनी बसून ठरवलं, पोराने गावासमोर देवाच्या वहाणा डोक्यावर घ्यायच्या, देवळाला बाहेरून फेरी मारायची, आणि गावकराने गाऱ्हाणं घालायचं. नाहीतर कोप गावावर येईल. आई घरी आली तेव्हा तिचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसत होता. तिला माझ्या दुखण्याचं नाव सापडलं होतं.

मी प्रोफेसरांकडे धावलो. म्हणालो, सर, तुम्ही सांगा त्यांना. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. ते म्हणाले, दादाशी बोलतो. मग काही दिवस फिरकले नाहीत. आले तेव्हा माझ्याकडे न बघता बोलले. त्यांनी विचार केला होता म्हणे. आईच्या मनावरचं ओझं उतरेल, त्याचा मलाही फायदा होईल. सगळा समाज एका माणसासाठी प्रार्थना करतो तेव्हा त्या माणसाचं मन मोकळं होतं, याला शास्त्रातही आधार आहे. मी याकडे अपमान म्हणून बघू नये, उपचार म्हणून बघावं. "दादांचा घसा बसलाय," ते म्हणाले. "गाऱ्हाणं मीच घालणार आहे. म्हणजे तुला परकं वाटणार नाही."

मी हो म्हणालो. डॉक्टरने कडू औषध दिलं तर माणूस पितोच. हा तर मनाचा डॉक्टर, आणि आमच्या घरचं पाणी प्यालेला.

म्हणून मी दीपमाळेखाली उभा होतो. आपल्या पायांनी चालत आलो होतो. कुणी ओढून आणलं नव्हतं. आणि मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, गाव होय म्हाराजा म्हणाला, आणि ओट्यावरचे हसले.

तेच हसणं. घाटावरचं आणि कोकणातलं हसणं वेगळं नसतं. फरक एवढाच की या वेळी मी हसलो नाही.

मी दोन्ही हातांनी वहाणा डोक्यावरून उतरवल्या आणि जमिनीवर ठेवल्या. फेकल्या नाहीत. बापाने शिवलेल्या होत्या. गाऱ्हाणं मध्येच थांबलं. मी पायरीकडे बघितलं आणि सुरूच्या बनात ज्या भाषेत बोलायचो त्याच भाषेत म्हणालो, "सर, तुम्ही मला म्हणाला होता, हे पाप नव्हे. तेवढं इथे म्हणा."

त्यांनी आपल्या दादाकडे बघितलं. दादाने त्यांच्याकडे बघितलं. सगळा गाव प्रोफेसरांच्या तोंडाकडे बघत होता. त्यांना म्हणता येत होतं. तीन शब्द होते. ते अगदी हळू म्हणाले, "ही जागा नव्हे."

"मगे खंयची जागा?" माझ्या तोंडून माझीच बोली बाहेर पडली. "ह्या माका देवान केल्यान नाय. माणसांनी केल्यानी. ज्येनी केल्यानी तेंका हयसर आणा, तेंच्या डोक्यार ठेवा ही पायताणां. मिया घेवचंय नाय."

कुणी म्हणालं, माजलो. कुणी म्हणालं, शिकवल्याचं फळ. गावकराला ओरडता येईना, त्याने काठी आपटली. मला त्यांच्यापैकी कुणाचीच भीती वाटत नव्हती. किती महिन्यांनी माझ्या छातीत काहीतरी गरम होतं. वाटलं, सुटलो.

मग माझा बाप पुढे झाला.

त्याने वाकून वहाणा उचलल्या. पंच्याने त्यांची धूळ पुसली. डोक्यावर ठेवल्या, दोन्ही हातांनी धरल्या आणि पायरीकडे बघून म्हणाला, "झिलाच्या बदल्याक मिया करतंय म्हाराजा. तेका बरो कर."

आणि चालायला लागला. देवळाभोवती जांभ्याचे दगड, दुपारचे तापलेले. बापाचे गुडघे जन्मभर बसून बसून वाकडे झालेले. तो हेलकावे खात चालत होता आणि वहाणा घसरू नयेत म्हणून मान ताठ धरत होता. आईने माझा दंड घट्ट पकडला होता. ती रडत होती आणि पुटपुटत होती, होवंदे, होवंदे, एकदाचा होवंदे. प्रोफेसरांनी गाऱ्हाणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू केलं. होय म्हाराजा. होय म्हाराजा. बाप देवळाच्या मागे गेला, दिसेनासा झाला. मग दुसऱ्या बाजूने आला. माझ्यासमोरून गेला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

आणि मी उभा होतो. नुसता उभा. स्वतःच्या डोक्यावरचं मी खाली ठेवलं, ते माझ्या बापाच्या डोक्यावर गेलं, आणि मी बघत राहिलो.

घरी आल्यावर तो पाणी प्याला. तळपायांना फोड आले होते. मी समोर बसलो. बोलायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "तुका बरा वाटांदे. माका आणि काय व्हया?" त्याच्यावर रागवायचं तरी कसं? त्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट देवाकडे मागायची होती आणि ती मी होतो.

त्या संध्याकाळी मी जेवलो. भात आणि कुळथाची पिठी, पोटभर. रागाने जेवलो. माझ्या अंगात इतका राग होता की त्याला खायला घालणं भाग होतं. पण आईने रिकामं ताट बघितलं आणि ती बाहेर धावली. देव पावलो, देव पावलो, म्हणत सगळ्या वाडीत फिरली. मी तिला एकदा खरं सांगायचा प्रयत्न केला. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. परत काही म्हणू नकोस म्हणून डोळ्यांनी विनवलं.

पुन्हा घाट चढलो. पुन्हा परीक्षा दिली, पास झालो. झोप पूर्ण कधीच परत आली नाही, पण जगायचं ठरलं होतं. शेवटच्या वर्षाला असताना बाप गेला. शेवटची आंघोळ घालताना मी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि माझा हात तिथेच थांबला. शेजारचा म्हणाला, घाल रे, घाल. माझ्याने होईना. शेवटी त्यानेच तांब्या घेतला. बाप हेच समजून गेला की त्याच्या फेरीने मी बरा झालो. त्याला समाधान होतं. त्या समाधानाने माझं काळीज आजही तुटतं.

मी बांद्याजवळच्या एका शाळेत मास्तर झालो. काही वर्षांनी कळलं, प्रोफेसरांचं मालवणात व्याख्यान आहे. विषय, तरुणांचं मन. गेलो. मागच्या बाकावर बसलो. बोलले फार चांगले. कॉलेजात जाणारी मुलं आतल्या आत जळतात, घरं त्यांना विचारत नाहीत, आपण ऐकायला शिकलं पाहिजे. माझी मान डोलत होती. माणूस खोटं बोलत नव्हता. मग त्यांनी उदाहरण दिलं. त्यांच्या गावच्या एका चर्मकार तरुणाचं. जगायची इच्छा गेलेली. पण त्याने श्रद्धेने देवाच्या वहाणा मस्तकी धरल्या, गावाने एकमुखाने प्रार्थना केली, आणि त्या संध्याकाळी तो मुलगा महिन्यांनंतर पोटभर जेवला. आधुनिक शास्त्राने याचा विचार करायला हवा.

मी उठून उभा राहिलो. त्यांनी ओळखलं. चेहरा फुलला, डोळ्यांत पाणी आलं. वर बोलावलं. मी वर गेलो नाही. जागेवरूनच म्हणालो, "सर, मी डोक्यावर घेतल्या नाहीत. खाली ठेवल्या. घेतल्या त्या माझ्या बापाने. आणि मी जेवलो तो तुमच्यावरच्या रागाने."

ते पूर्वीच्याच मायेच्या आवाजात म्हणाले, "पण तू बरा झालास, हे तर खरं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. मी बाहेर पडलो. वाईट माणसाने अपमान केला तर माणूस त्याच्यावर थुंकून मोकळा होतो. हा माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्याने मला वाचवलं.

हे सगळं मी पुरून टाकलं असतं. कुणाला हवंय? पण गेल्या आठवड्यात आमच्या वाडीतली एक बाई माझ्या शाळेत आली. तिची मुलगी मुंबईला नर्सचं शिक्षण घ्यायला गेली होती. आमच्या वाडीतली अशी पहिलीच मुलगी. ती परत आली आहे. जेवत नाही, बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. तिथे तिला कुणी काय केलं, ते तिने सांगितलेलं नाही, कुणी विचारलेलंही नाही. कौल लावून झाला आहे. डावा पडला आहे. काहीतरी चूक शोधून काढली आहे. बाई माझ्यासमोर हात जोडून उभी होती.

"मास्तरानू, तुमी मानकऱ्यांका सांगा, बेगीन उरका म्हणान. तुमी तेच्यानच बरे झालात ना?"

माझंच उदाहरण. देवळात तेच, व्याख्यानात तेच, आणि आता त्या पोरीच्या गळ्यात तेच. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, वहाणा खाली ठेवल्या ते, बापाने उचलल्या ते. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचो बापूस तरी होतो. हिका बापूस नाय. हिच्या बदल्याक कोण जातलो?"

मला उत्तर देता आलं नाही. ती गेली.

आता देतो. तिच्या बदल्यात कुणी जाणार नाही. ती स्वतःही जाणार नाही. बरं होण्यासाठी आमच्यातल्या कुणी वाकायचं, हे आता बंद. त्या दिवशी माझा बाप माझ्यासमोरून गेला आणि मी त्याला आडवा झालो नाही. तो एकच माणूस होता, म्हातारा होता, मी नुसता हात पसरला असता तरी थांबला असता.

सोमवारी ते तिला उभी करणार आहेत. मी रविवारीच गावी जाणार आहे. आधी तिच्या उशाशी बसेन, ती बोलली तर ऐकेन, नाही बोलली तरी बसेन. ती जे सांगेल ते तिच्या परवानगीशिवाय माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. आणि सोमवारी सकाळी देवळाच्या वाटेवर उभा राहीन. गावकर येऊ दे, गुरव येऊ दे, मुंबईचं शास्त्र येऊ दे. त्या गर्दीत माझी आईही असेल, हात जोडून, देव पावलो म्हणत. तिने बाजूला हो म्हटलं तरी मी होणार नाही.